उंबरतळ्याचा पाळणा

अहो,

आज सकाळी पुन्हा बेसिनचा नळ उलटा फिरवला. बंद करायला गेले आणि पाणी भस्सकन अंगावर आलं. पदर भिजला, चष्म्यावर थेंब उडाले. जगातले सगळे नळ ज्या बाजूला बंद होतात, त्या बाजूला आपला उघडतो. कारण तो तुम्ही बसवलाय. गंमत म्हणजे तुम्ही होतात तोवर माझा हात एकदाही चुकला नाही. इतकी वर्षं या घरात डोळे मिटून तो नळ फिरवला. तुम्ही गेल्यापासून मात्र रोज चुकतो. मग मी नळावर ओरडते. सून परवा हळूच डोकावून गेली, आई कुणाशी बोलताहेत म्हणून. मी तिला सांगितलं, सवय आहे, जाईल हळूहळू.

एकटा नळच आहे असंही नाही. गॅलरीच्या दाराची कडी तुम्ही तुमच्या सोयीने बसवलीत, ती मला आता मनगट वाकडं केल्याशिवाय सरकत नाही. ओट्याखालचा ड्रॉवर नको त्या बाजूने उघडतो. तुमच्या कात्रीने साधी दुधाची पिशवी माझ्या हातून कापली जात नाही, नुसती चावली जाते. घरात तुम्ही कुठेच नाही, आणि जिथे हात घालावा तिथे तुमचा हात आधीच आहे. कधी कधी मी कडीला हात लावायच्या आधी थोडी थांबते. तुम्ही तो काढून घ्याल म्हणून. हे वेडेपणाचं आहे, मला कळतं. पण थांबते.

आणि चहा. दोन कप मांडायची सवय मोडली, तेवढं मी केलं. पण एकटीचा कप ठेवते तोही कान डावीकडे करून. मग उजव्या हाताने तो उलटा वळवून घेते. अडीच महिने झाले, रोज सकाळी हे असंच चाललंय.

आपण आयुष्यभर एकाच गोष्टीवरून भांडलो. लोकांना वाटायचं, एक कारखान्यात डाय, म्हणजे साचे, बनवणारा कारागीर आणि एक शाळेतली बाई, यांचं कसं जमलं असेल. बाकी सगळं जमलं. परळची खोली सोडून इथे पूनम सागरला यायचं ठरलं तेव्हासुद्धा आपण भांडलो नाही. भांडण फक्त हाताचं. तुम्ही डावखुरे, आणि मी मराठी पहिली-दुसरीची बाई. वर्गात कुणी डाव्या हातात पेन्सिल धरली की ती काढून उजव्या हातात देणं हे माझं कामच होतं. किती मुलांच्या हातातून काढली असेल, त्याची मोजदाद नाही. 

लग्नानंतर महिन्याभरात तुम्ही मला तुमच्या गावच्या शाळेतली गोष्ट सांगितली होतीत. मास्तरांनी सुतळीने तुमचा डावा हात बाकाला बांधला, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तुम्ही उजव्याने लिहायला शिकलात. लिहिण्यापुरता उजवा, बाकी सगळ्या कामाला डावा, असे तुम्ही अर्धे-अर्धे झालात. हे सांगताना तुम्ही हसत होतात. मी काय म्हणाले, आठवतं? “मास्तरांचं काही चुकलं नाही. अक्षर बघा किती छान आलंय.” तुम्ही हसायचं थांबलात आणि भाजी चिरायला घेतलीत. डाव्या हाताने. तेव्हापासून तुम्ही मला ‘बाई’ म्हणायला लागलात. लोकांना ते लाडाचं वाटायचं. बहुतेक वेळा ते लाडाचंच असायचं.

मग निनाद झाला, आणि तोही तुमच्यावर गेला. चमचा डाव्या हातात, खडू डाव्या हातात. मी सुतळी बांधली नाही. मी स्वतःला सुधारलेली समजत होते. मी अभ्यासाच्या वेळी त्याच्या डाव्या हाताला मोजा घालायचे. शाळेचा पांढरा मोजा, घोट्यापर्यंतचा. मोज्यातून पेन्सिल निसटते, मग मूल आपोआप उजवा हात वापरतं. चुकलं की दहा वेळा लिही. चार महिन्यांत हात बसला. आणि त्याच चार महिन्यांत त्याचा ‘ब’ अडायला लागला. ‘बस’ म्हणता येईना, ‘बटाटा’ म्हणता येईना. ‘बाबा’ म्हणायला गेला की ओठ मिटून उभा राहायचा, आणि तुम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसून वाट बघायचात. घाई करायचा नाहीत. डॉक्टर म्हणाले, असं होतं काही मुलांचं, कारण सांगता येत नाही, जाईल. गेलंही, आठवीपर्यंत. पण तुम्ही एकदाच मला म्हणालात, “बाई, तू हात बांधलास आणि जीभ अडली.” मी म्हणाले, “डॉक्टर तुम्ही का?” ते भांडण तिथेच राहिलं. नंतर कितीतरी वेळा दुसऱ्या कशावरून तरी आपण तेच भांडलो.

खरं सांगू का? मला तेव्हाच वाटलं होतं, तुमचं बरोबर असेल. पण एकदा ते मान्य केलं असतं, तर वर्गातल्या त्या सगळ्या मुलांचं काय करायचं होतं मी?

तुम्ही गेल्यावर भेटायला येणाऱ्यांत मुर्ध्याचे हरेश्वर आले होते, तुमच्याबरोबर भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात प्रेसवर असायचे ते. पाणी प्यायले. मग आपला उजवा पंजा माझ्यापुढे उघडून धरला. “वैनी, ही पाच बोटा हायत ना, ही त्याच्या डाव्या हातामुलं हायत. प्रेस खाली आली, माजा हात आत. दुसरा कोन असता तर उजवीकडून वलसा घालून आला असता. ह्यो बाजूला उभा व्हता, डाव्यानंच खेचला.” मी म्हटलं, हे मला कधी सांगितलं नाही त्यांनी. हरेश्वर म्हणाले, “तुमाला सांगून काय उपेग न्हाय, असा बोलला व्हता.” चहा घेऊन ते गेले. मी कप विसळायला घेतला आणि नळ उलटा फिरवला.

पण मला तुमच्याशी उंबरतळ्याबद्दल बोलायचंय. बाकी सगळं त्याच्यासाठीच आठवतेय.

मागच्या हिवाळ्यात आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल गेली होती. वरसावेचा पूल ओलांडला तशी पुढच्या सीटवरच्या शहाबेननी ठेपल्याचा डबा उघडला, आणि तुम्ही म्हणालात, “अजून घाट आला नाही आणि यांचं जेवण आलं.” घाट चढून अकराच्या सुमाराला पोचलो. इवलंसं गाव. मधे तळं, तळ्यात हंसाच्या आकाराच्या पॅडलच्या बोटी, काठाला भाजलेली कणसं, घोडे, आणि जागोजागी ‘लेक व्ह्यू’ नावाची हॉटेलं. काहींच्या तर खिडकीतून दुसरं हॉटेलच दिसत होतं. मंडळी बोटीत बसायला गेली. तुम्हाला मात्र रस्त्याच्या वरच्या अंगाला पाटी दिसली होती, नाना सुतारांचं यंत्रसंग्रहालय.

नाना सुतार हे त्या गावातले एक जुने कारागीर. शिक्षण बेताचं, डोकं भारी. आयुष्यभर काही ना काही यंत्रं बनवत राहिले. ते गेल्यावर घरच्यांनी राहत्या घराच्या माडीवरच सगळं मांडून ठेवलंय. दाखवायला त्यांची नातसून असते, साधी, हसरी बाई, हाताला पीठ लागलेलं असेल तर पदराला पुसत वर येते. शेवया पाडायचं यंत्र होतं, पायाने चालणारा पंखा होता, माकडं पिटाळायला बागेत लावायचा एक टाळ्या वाजवणारा लाकडी माणूस होता. तो बघून मी हसले, तुम्हीही हसलात. मग तुम्हाला कोपऱ्यात तो पाळणा दिसला.

शिसवी पाळणा, भिंतीला टेकवून ठेवलेला, वर ‘हात लावू नये’. नातसून सांगत होती, “हा आपोआप हलायचा म्हणे. कळ फिरवून ठेवली की दगडाचं वजन खाली येतं आणि पाळणा अर्धा तास हलत राहतो, आई शेतात जाऊन यायची. पण आम्ही कधी बघितलं नाही. आता कळ अडकलीये. खूप जणांनी फिरवून बघितली, तेल घातलं, नाही हलत. गंजलीये आतून.” तुम्ही ऐकतच नव्हतात. पोट आत घेऊन भिंत आणि पाळणा यांच्या मधे शिरला होतात. कोळिष्टकं डोक्याला लागली. आणि तिथून तुमचा आवाज आला, लहान मुलासारखा.

“अगं, इकडे ये. बघ तरी. कळ डाव्या बाजूला आहे. आणि मुठीवर अंगठ्याचा खळगा पडलाय, तोसुद्धा डाव्या हाताचा. गंजली-बिंजली काही नाहीये. सगळे उजवीकडे फिरवतायत म्हणून खिट्टी अडतेय. ही डावीकडेच फिरायची. बाई, हा माणूस माझ्यासारखा होता.”

नातसून चकित झाली. म्हणाली, नाना डावखुरे होते हे घरात कुणी बोललं नाही कधी. तुम्ही म्हणालात, “कोण बोलणार? मलाही शाळेने उजवा करून सोडलाय.” आणि माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. मी बघावं म्हणून, एवढंच. तुम्हाला साक्षीदार हवा होता. दहा मिनिटं द्या, चार माणसं बोलवा, पाळणा भिंतीपासून ओढला की मी चालवून दाखवतो, असं तुम्ही तिला सांगत होतात, आणि मी तोवर जिना उतरून गेले होते.

बसचा हॉर्न वाजत होता हे खरं आहे. पण मी हॉर्नमुळे उतरले नाही. मला त्या खळग्यात बघायचं नव्हतं. खाली रस्त्यावर उभी राहून मी हाका मारल्या, “अहो, चला! सगळे खोळंबलेत!” तीन हाका. तिसरीला तुम्ही आलात, केसांत कोळिष्टक तसंच. बसमध्ये कुणीतरी विचारलं, एवढा उशीर? आणि मी मोठ्याने म्हणाले, “यांना डावखुऱ्यांचा देव सापडला वरती. आरती करून आले.” बस हसली. तुम्हीही हसलात. मग खिडकी उघडून बाहेर बघत बसलात, थेट वरसावेपर्यंत.

त्यानंतर तीनदा तुम्ही म्हणालात, एकदा जाऊन येऊ. एकदा चहा पिताना, एकदा सई चित्र काढत होती तेव्हा, आणि एकदा दवाखान्याच्या बाकावर नंबर येण्याची वाट बघत होतो तेव्हा. तिन्ही वेळा माझं उत्तर ठरलेलं. “दोन मजले चढताना धाप लागते, आणि निघाले उंबरतळ्याला.” तुमच्या तब्येतीच्या आड मी लपत होते. तुम्हाला ते कळत होतं का? कळतच असेल.

सई चित्र काढत होती म्हटलं. हा आपला शेवटचा वाद, आणि तो अर्धाच राहिला. नात पाच वर्षांची, आणि तीही तुमच्यासारखीच. निनाद आणि सून काही बोलत नाहीत, शाळाही हल्ली काही म्हणत नाही. म्हणणारी मी एकटीच. तुम्ही पेपर खाली ठेवून म्हणालात, “हिला तरी सोड, बाई.” मी म्हणाले, “मी मोजा तर घालत नाहीये ना?” तुम्ही म्हणालात, “तुझे डोळेच मोजा आहेत.” मी रागाने उठून कुकर लावायला गेले. त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. माणूस जाताना शेवटचं काय बोलला, असं लोक विचारतात. मी सांगते, आमटी छान झालीये म्हणाले. खरं तर मीठ कमी आहे म्हणालात. आणि माझ्या कानात त्या दोन्हींतलं काहीच राहिलेलं नाही. मोज्याचंच वाक्य राहिलंय.

पंधरा दिवसांपूर्वी तुमचं हत्यारांचं कपाट उघडायची वेळ आली. तुमची काही कागदपत्रं त्यात होती. त्याला तुम्ही स्वतः बनवलेली स्टीलची मूठ आहे, आणि ते कपाट मी जन्मात कधी उघडलं नव्हतं, ती तुमची हद्द. निनादने दोन्ही हातांनी जोर लावला. नाही. खालच्या गल्लीतला सुतार बोलावला. त्याने टॉर्च मारून मूठ न्याहाळली आणि म्हणाला, “आंटी, अंदर से जाम है. तोडना पडेगा.” मी म्हटलं, तोड. तो हातोडी काढत होता, तेवढ्यात सई त्याच्या बगलेतून पुढे गेली, मूठ धरली, आणि कपाट उघडलं. जोर नाही, काही नाही. डाव्या हाताने, डावीकडे. “आज्जी, असं असतं ते,” म्हणाली. सुतार हसायला लागला, “बेबी ने खोल दिया!” मी निनादकडे बघितलं. तो आपल्या डाव्या पंजाकडे बघत होता. कधीकाळी त्यालाही हे आलं असतं. तो हात मी विसरायला लावला होता.

कागद वरच्याच फळीवर होते. खाली, कानशींच्या बाजूला, एका पिशवीत एक छोटी कात्री होती. तुम्ही दोन्ही पाती उलटी घासून बसवलेली, डाव्या हाताची, सईच्या बोटांच्या मापाची, मुठीला लाल टेप गुंडाळलेला. पूर्ण तयार होती, धारसुद्धा लावलेली. तुम्ही दिली का नाहीत, हे मला विचारायची गरज नव्हती. मी तिथेच फरशीवर बसले आणि खूप रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा एवढी रडले नव्हते. सुतार बिचारा हातोडी पिशवीत घालून पैसे न घेताच गेला.

मी निनादला म्हटलं, मला उंबरतळ्याला घेऊन चल.

परवाच्या रविवारी गेलो. मी, निनाद, सई. सुनेला ड्यूटी होती. थंडी नव्हती तरी तुमचा मरून मफलर मी पिशवीत घेतला, का ते विचारू नका. तळं तसंच, हंस तसेच, कणसंही तशीच. सईला बोटीत बसायचं होतं, मी म्हटलं आधी वरती. जिना चढताना मला धाप लागली. वर पोचले तर माडीवर पहिल्यांदा मला काही कळेना. मग कळलं, काय बदललंय ते. पाळणा भिंतीला नव्हता. खोलीच्या मधोमध ओढून ठेवला होता, चारी बाजूंनी मोकळा. जणू कुणी येणार आहे म्हणून जागा करून ठेवावी.

नातसून वर आली, पदराला हात पुसत. माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि चेहरा उजळला. “तुम्ही मागच्या वर्षी खालून हाका मारत होतात ना?”

बघा, मी कशी ओळखली जाते.

“आणि काका? काका नाही आले? आम्ही त्याच आठवड्यात पाळणा ओढून घेतला. पण फिरवला नाही कुणी. काका बजावून गेले होते, मी येईपर्यंत हात लावू नका, परत उजवीकडे जोर केलात तर खिट्टीचा दात तुटेल. मी येतो आणि चालवून देतो म्हणाले. मी प्रत्येक बस बघत होते हो.”

म्हणजे वर्षभर त्या माडीवर तुमची वाट बघणारं कुणीतरी होतं, आणि तिकडे जायच्या रस्त्यावर मी आडवी उभी होते. सईनेच सांगितलं, “आजोबा वारले.” देवाघरी गेले वगैरे तिला आवडत नाही, तिला खरं तेच सांगायला तुम्हीच शिकवलंय. नातसुनेने पाळण्याच्या काठावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, “आता कोण फिरवणार?”

मी सईला पुढे केलं. हो, मीच केलं. तिने कळीवर डावा हात ठेवला. अंगठा त्या खळग्यात बरोब्बर बसला, पण वजन तिला पेलेना. निनाद तिच्या मागे गेला. आधी त्याने उजवा हात पुढे केला, तो कोपरात वाकडा होऊन अडला. मग त्याने तो काढला आणि डावा तिच्या हातावर ठेवला. मी म्हटलं, “डावीकडे. बाबा म्हणाले होते, डावीकडे.” आतून कट्ट असा आवाज आला. मग पुन्हा कट्ट. दगड दोरीवर वर चढत गेला. कुठे गंज नाही, कुठे कुरकुर नाही. कळ त्या दोघांसाठीच थांबली असावी तशी फिरली.

निनाद कळ सोडणार तेवढ्यात नातसून ओरडली, “थांबा, थांबा! रिकामा पाळणा हलवू नये.” तिचं बरोबर होतं. बारशालासुद्धा आधी वरवंटा ठेवतो आपण. ती खाली वरवंटा आणायला निघाली, पण मी पिशवीतून तुमचा मफलर काढला, घडी केली, आणि आत ठेवला. निनादने हात सोडला.

अहो, पाळणा हलला. आपोआप. कुणी हात लावलेला नाही, दोरी ओढलेली नाही, आणि तो संथ इकडून तिकडे. प्रत्येक झोक्याला आतून टक असा आवाज. तुम्ही विचार करताना टेबलावर बोट वाजवायचात, त्याच लयीत. मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू. त्या मफलरात कुणी नाही हे मला दिसत होतं, आणि तिथे कुणी नाही असं वाटत मात्र नव्हतं. निनाद काहीतरी बोलायला गेला. इतक्या वर्षांनी त्याचा ‘ब’ अडला. ओठ मिटून तो तसाच उभा राहिला. मी घाई केली नाही. पहिल्यांदाच, तुमच्यासारखी, मी नुसती वाट बघितली. “बाबा असते तर,” एवढंच म्हणाला तो शेवटी, आणि खिडकीकडे गेला.

पाळणा बराच वेळ हलत होता. नातसुनेने शेजारच्या बायकांना हाका मारून वर बोलावलं. सगळ्या हसत होत्या, रडत होत्या, नानांचं नाव घेत होत्या. तुमचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्या ‘ते काका’ म्हणत होत्या. मी सांगितलं नाही तुमचं नाव. ‘ते काका’ मला पुरेसं वाटलं.

निनाद पुढे खाली उतरला, आणि निघताना नातसुनेने अभिप्रायाची वही पुढे केली. सईने आधी हिसकावली, तिला चित्र काढायचं होतं. तिने पेन डाव्या हातात धरलं, वहीवर वाकली, आणि मग तिने वर माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं हो. आणि पेन मुकाट्याने उजव्या हातात घेतलं. मी एक शब्दही बोलले नव्हते.

मी वही माझ्याकडे ओढली. पेन मागितलं. आणि डाव्या हातात धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते धरायचं कसं तेच कळेना, बोटं जागच्या जागी राहीनात. इतक्या मुलांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, त्यांना कसं वाटलं असेल ते तेव्हा कळलं. मी लिहायला लागले. ‘त’चा दांडा तिरका गेला, ‘म’ फुटला, रेघ सुटून ओळ खाली घसरली. तीन शब्द लिहायला मला बालवाडीतल्या पोरीएवढा वेळ लागला.

तुमचं बरोबर होतं.

सई माझ्या कोपराखाली डोकं घालून बघत होती. तिला अजून नीट वाचता येत नाही, पण अक्षर चांगलं की वाईट ते तिला कळतं, ते मीच शिकवलंय. तिने नाक मुरडलं. “आज्जी, घाण आलंय. दहा वेळा लिही.”

मी खालच्या ओळीवर पेन टेकवलं. खालून निनादची हाक आली, “आई, चला, उशीर होतोय.” मी त्याला म्हटलं, थांब. अजून नऊ वेळा लिहायचंय.